कर्दम कोणी करायचा

सुमन,

तुझ्या दहाव्याला लखूदादा भेटले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून मला एक मत परत घ्यायचं आहे. शाळेत इतकी वर्षं इंग्रजीचे पेपर तपासले, पण दिलेले मार्क मी कधी बदलले नाहीत. तू त्यावरून मला चिडवायचीस. "वयनीचं लाल पेन एकदा फिरलं की फिरलं," म्हणायचीस. तर आज ते उलटं फिरवायचं आहे, आणि ज्या उत्तराला ते मार्क दिले होते ते उत्तर लिहिणारी तूच होतीस.

हे मी ओवी आणि निहारसाठीही लिहून ठेवते आहे. प्रदीपची ही मुलं दूरदेशी वाढतायत. ओवीला मराठी वाचता येतं; हळू, पण येतं. निहार अजून तान्हा आहे. धसईची आत्याआजी म्हणजे फोनवर मोठ्यांदा बोलणारी आणि तांदळाचे पापड पाठवणारी, एवढीच तू ओवीला माहीत आहेस. ओवीने मला एकदा विचारलं होतं, "आजी, तुझी बेस्ट फ्रेंड कोण?" मी कॉलेजातल्या एका मैत्रिणीचं नाव सांगितलं. नणंद म्हणजे नातेवाईक आणि मैत्रीण म्हणजे बाहेरची, अशी माझ्या डोक्यात विभागणी होती. तेही उत्तर चुकलंच.

सुरुवात प्रदीपच्या कॉमिक्सपासून झाली. तो हॉस्टेलला गेला तेव्हा 'शौर्यकांत'च्या अंकांचा गठ्ठा पलंगाखाली टाकून गेला. मी तो रद्दीत द्यायचा म्हणून सुतळीने बांधून दाराशी ठेवला होता. तू सासरहून, धसईहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर अशा दोन गाड्या बदलून आलीस, काकड्यांची पिशवी खाली ठेवलीस आणि त्या गठ्ठ्यावरच बसलीस. मी पाणी घेऊन बाहेर आले तर तू सुतळी सोडून वरचा अंक वाचत होतीस, ओठ हलवत. सातवीनंतर तुझं वाचन सुटलं होतं.

"वयनी, ह्यो निळा कोण?"

"तो खलनायक. कर्दम नाव त्याचं."

"काय केलं त्यानं?"

"धरणाचं पाणी शहरावर सोडतो."

"का म्हून?"

मी सांगितलं. कर्दमचं गाव धरणात बुडालं. सगळे उठून गेले, तो गेला नाही. देवळात बसून राहिला. पाणी चढलं, देऊळ बुडालं, पण तो मेला नाही. अंगावर शेवाळ घेऊन, निळा पडून तो वर आला आणि मुंबईच्या नळांतून बाहेर पडू लागला. नायक शौर्यकांत त्याला दर अंकात मोठ्या टाकीत कोंडायचा आणि पुढच्या अंकात तो सुटायचा.

तू अंक डोळ्यांजवळ नेऊन चित्रं पाहिलीस. मग म्हणालीस, "मुंबईच्या नळातून येतो व्हय. आमच्याकडं पण आला असता. पण आमच्याकडं नळच नाय."

मी हसले. तू हसली नव्हतीस, हे आता लिहिताना आठवतंय.

तुझं आणि तुझ्या दादाचं जुनं गावही धरणाखाली गेलं. मी सून म्हणून आले ती नव्या गावात, पत्र्याच्या घरात, आणि पुढे नोकरीसाठी आम्ही दोघं शहापूरला राहायला आलो. जुनं गाव मी पाहिलेलंच नाही. मे महिन्यात पाणी उतरलं की एका जोत्याचे दगड वर येतात, ते आपलं घर, असं तुम्ही बहीणभाऊ सांगायचात, आणि दर वर्षी वेगवेगळ्या दगडांकडे बोट दाखवायचात.

त्या दिवशी तू पाच-सहा अंक पिशवीत घालून नेलेस. पुढच्या वेळी आलीस ती भांडायच्या तयारीनेच.

मग एस.टी. स्टँडजवळचं अंकुशचं दुकान आपला अड्डा झाला. अंकुश पुस्तकं भाड्याने द्यायचा. आठवडाभर तो आसनगावहून कल्याणला एका छापखान्यात कामाला जायचा आणि येताना नवे अंक आणायचा. रविवारी त्याच्या बाकड्यावर एक निवृत्तीला आलेली शिक्षिका आणि एक भात लावणारी बाई बसून कॉमिकवर वाद घालतायत, हे दृश्य शहापूरने बरीच वर्षं पाहिलं. माझे विद्यार्थी समोरून जाताना सायकलचा वेग वाढवायचे. मी अंक वर्तमानपत्रात घालून न्यायचे. तू उघडाच घेऊन चालायचीस.

अंकुश शौर्यकांतच्या बाजूचा. त्याचं सरळ म्हणणं होतं, "आत्या, हिरो तो हिरो. कर्दमला कितीपण सहानुभूती द्या, शेवटी पब्लिकला फाइट पायजे."

"फाइट कर ना बाबा. पण तुझ्या शौर्यकांताला घर कुठं हाय? आई कुठं हाय त्याची? कधी जेवताना दाखवलाय? कर्दमला निदान गाव होतं."

"बाई, तुम्ही सांगा ह्यांना."

मी सांगायचे. खलनायक भयंकर असला तरच नायकाला उंची येते, हे मी वर्गात नाटक शिकवताना सांगत आले होते, ते तुलाही सांगायचे. खलनायकाचं दुःख दाखवावं, पण मोजकं. प्रेक्षकाचा तोल जाता कामा नये. तू मान हलवायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "तुमचं बराबर असंल वयनी. पुस्तकात तसं असंल."

आपला खरा तंटा चित्रकार बदलल्यावर झाला. आधीच्या चित्रकाराचा कर्दम बारीक होता, खांदे पडलेले, डोळ्यांखाली काळं. त्याच्यामागे एक डोंगर असायचा. तू पैज लावून सांगायचीस की तो सिद्धगडच आहे, धसईच्या बाजारातून दिसतो तसाच. तेव्हा चित्रकार आपल्याकडचाच कोणीतरी. मी म्हणायचे, डोंगर सगळे सारखेच काढतात. मग अचानक नवा हात आला. कर्दमला शिंगं फुटली, दंड फुगले, सुळे आले. आणि तो हसायला लागला. पानभर हसायचा.

तू तो अंक मिटून मांडीवर ठेवलास. मग अंकुशला म्हणालीस, "ह्यो कर्दम नाय. ह्याला कुठल्या चक्कीतून काढून आणला?"

मला नवा कर्दम बरा वाटत होता. निदान भीती तरी वाटत होती. मी तसं बोलले, आणि तू माझ्यावर चिडलीस, बहुधा पहिल्यांदाच.

"ज्याचं घर पाण्यात गेलं तो असा हसंल का वयनी? तुमी आमचा आबा बघितला ना. आबा कधी असा हसला का?"

आबा म्हणजे तुझे वडील, माझे सासरे. मी त्यांना पाहिलं ते म्हातारपणी. ओटीवर बसायचे, फार बोलायचे नाहीत. हसताना मी त्यांना पाहिल्याचं आठवत नाही, पण तेव्हा मी तुला म्हटलं, "आबांचा इथे काय संबंध?" तू गप्प झालीस. तुझ्या गप्प होण्याला मी माझा विजय समजायचे, ही माझी जुनी सवय.

आबांचा संबंध मला पुढच्या पावसाळ्यात कळला. एका अंकाच्या मागच्या पानावर जाहिरात आली की 'शौर्यकांत' लवकरच छोट्या पडद्यावर येणार आणि वाचकांनी कळवावं, कर्दम कोणी करावा. अंकुशच्या बाकड्यावर त्यानंतर दुसरा विषय राहिला नाही. अंकुशने सिनेमातला एक टक्कल असलेला पैलवान सुचवला. तू म्हणालीस, "त्याला पाण्यात टाकला तर तो बुडायचा नाय, तरंगंल." मी सुचवला तो कल्याणच्या नाटकात पाहिलेला एक जुना नट. काय आवाज होता. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीची पाठ थरथरायची. तू त्यालाही उडवलंस. आवाजच पाहिजे तर मुरबाड डेपोतला कंट्रोलर घ्या म्हणालीस, त्याने धसईची गाडी पुकारली की धसईची माणसं मागे सरकतात.

"बरं, मग तुझा कर्दम कोण?" मी विचारलं.

"आबा," तू म्हणालीस.

अंकुश हसला, मीही हसले. तू मात्र पदराने तोंड पुसून नीट सांगायला बसलीस.

इथे मुलांसाठी थोडं थांबायला हवं. बोहाडा हा आपल्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. उन्हाळ्यात, शेतीचं काम नसतं तेव्हा होतो. संबळ आणि पिपाणीच्या तालावर एकेक देव, एकेक राक्षस नाचत येतो. गावातला प्रत्येक मुखवटा एकेका घराकडे असतो. त्या घराने तो सांभाळायचा आणि त्याच घराच्या माणसाने तो चढवून नाचायचं. याला सोंग घेणं म्हणतात. आपल्या घराकडे म्हैसासुर. शेवटच्या पहाटे देवी त्याला मारते आणि उत्सव संपतो.

जुन्या गावात म्हैसासुराचं सोंग आबा घ्यायचे. तू सांगितलंस, त्या दिवशी ते सकाळपासून उपाशी असायचे. आंघोळ करून मुखवट्याच्या पाया पडायचे. राक्षसाच्या. कोणाशी बोलायचे नाहीत. मुखवटा चढला की त्यांचं नाव कोणी घ्यायचं नाही, आणि नंतरही, कोण नाचलं हे विचारायचं नाही. म्हैसासुर आला होता, एवढंच म्हणायचं. देवीने मारल्यावर त्याला पहिलं पाणी घराच्या बाईने द्यायचं, मग देवीची आरती. तुझी आई लवकर गेली, म्हणून ते पाणी तू द्यायचीस, परकर वर खोचून, तांब्या दोन्ही हातांत धरून.

"आबा मरताना आरडायचा नाय," तू म्हणालीस. "मान वळवून उभा राहायचा. आपल्या शेताकडं बघायचा. मंग पडायचा. बाया रडायच्या वयनी. देवी जिंकली तरी रडायच्या. कर्दम असा पायजे. ज्यानं सोंगाच्या आधी त्याच्या पाया पडलं, त्यानंच करायचा."

ऐकायला छान होतं. मी तसं म्हटलंही. पण लगेच जोडलं, की नट प्रेक्षकांकडे पाठ करत नाही, तो नाटकाचा पहिला नियम आहे. आणि आपण पुन्हा भांडू लागलो.

ती मालिका कधी आलीच नाही. पुढे कॉमिकही बंद पडलं. शेवटच्या अंकात कर्दम टाकीत होता, झाकणावर शौर्यकांत उभा होता आणि खाली 'क्रमशः' लिहिलेलं होतं. अंकुशने दुकानात मोबाइलची रिचार्ज कूपनं ठेवायला सुरुवात केली, पण बाकडं काढलं नाही. आपण अंक नसतानाही तिथे बसायचो. कर्दम टाकीतून कसा सुटेल, सुटल्यावर पहिल्यांदा कुठे जाईल, यावर तू नवनव्या गोष्टी रचायचीस आणि मी त्यांतल्या चुका काढायचे. तुझा दादा म्हणायचा, "नसलेल्या माणसावरून भांडणाऱ्या दोनच बायका मी बघितल्या, आणि दोघी माझ्याच घरात." तो गेला त्या वर्षी तू महिनाभर माझ्याकडे राहिलीस. एका दुपारी तू आपणहून म्हणालीस, "कर्दमला शिंगं असती तरी चाललं असतं वयनी, पण हसायला नको होतं." मी उत्तर द्यायला उठून बसले. त्या महिन्यात मी पहिल्यांदा उठून बसले होते.

मग नव्या गावाने बोहाडा पुन्हा सुरू करायचं ठरवलं. गाव उठल्यापासून तो बंद होता. मुखवटे मात्र घराघरांत माळ्यावर होते. लखूदादा, जुन्या गावात आबांच्या सोंगाला संबळ वाजवणारे, तेवढेच जुने जाणते उरले होते. आपल्या घरचा म्हैसासुर कोण घेणार, हा प्रश्न आला. तुझा दादा नव्हता. प्रदीप परदेशात. मी लखूदादांना निरोप पाठवला, की भावकीतला कोणीही घेऊ दे, आमची हरकत नाही. मला वाटलं, मी प्रश्न व्यवस्थित सोडवला.

उत्सवाला आपण दोघी नव्या गावात गेलो. शेवटच्या दिवशी तू सकाळपासून आतल्या खोलीत पडून होतीस. डोकं दुखतंय म्हणालीस, जेवली नाहीस. मी बाम आणून दिला. रात्री लखूदादांच्या सुनेने येऊन सांगितलं, आत्या आमच्याकडे निजल्यात, तुम्ही चला. मी गेले. शिक्षिका म्हणून मला पुढची खुर्ची मिळाली.

फटफटायला लागलं तेव्हा म्हैसासुर आला. उंच, काळा अंगरखा, पायात घुंगरं, हातांना काजळी फासलेली. सुरुवात बरी होती. पाय ठामपणे पडत होते, जसे चिखलात रोवून पडतात तसे. पण मला वाटलं, याला राग नाही. देवीसमोर तो दोनदा नुसता थांबला, जणू काही विचारायचं आहे. आणि शेवटी, देवीची तलवार खांद्याला लागल्यावर, ओरडायचं सोडून त्याने आमच्याकडे पाठ केली. धरणाच्या बाजूला मान वळवली. संबळ वाजत होता आणि तो नुसता उभा. मग गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला.

घरची बाई म्हणून पाणी मला द्यायला सांगितलं. मी तांब्या दिला. काजळीच्या हातांनी तो घेतला, पाठ फिरवली, मुखवटा जरासा वर केला आणि पाणी पिऊन तांब्या मला परत दिला. त्या हातांत बांगड्या नव्हत्या. तुझे हात बांगड्यांशिवाय मी कधी पाहिलेच नव्हते. भावकीतला कोणी पोर असेल, असं मी धरलं. कोण नाचलं ते विचारायचं नसतं, म्हणून विचारलं नाही. रीत पाळण्यात मी कधी कमी पडले नाही.

सकाळी तू चहा केलास. चेहरा सुजल्यासारखा होता. मला वाटलं, डोकेदुखीने.

"कसा झाला म्हैसासुर?" तू विचारलंस.

"दहापैकी चार."

"चारच?"

"तुझ्या सांगण्यावरून कोणीतरी त्या पोराला शिकवलंय, पण अर्धवट. ओरडला नाही, गरजला नाही. ऐन मरताना लोकांकडे पाठ. देवीने मारलं कोणाला, तेच कळेना."

तू कप खाली ठेवलास. "भीती नाय वाटली?"

"भीती कसली. कीव आली."

तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस. तुझ्या एका मनगटावर बांगड्या कमी दिसल्या म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, "पाट्यावर फुटल्या."

पुढच्या वर्षी उत्सवाच्या वेळी मी प्रदीपकडे होते. निहारचा जन्म झाला होता. तुझा फोन आला, लाइन खरखरत होती. बाळाची चौकशी केलीस, दुधाचं विचारलंस, आणि मग म्हणालीस, "यंदाचा म्हैसासुर चांगला आरडला वयनी. लोकं घाबरली."

"बघ," मी म्हटलं, "मी सांगितलं होतं ना."

"हो ना," तू म्हणालीस. "तुमी सांगितलं होतं."

तेच आपलं कर्दमवरचं शेवटचं बोलणं. मी परत आले तोवर तुझी तब्येत गेली होती. दवाखान्यात मी तुझ्याशी औषधांच्या वेळांबद्दल बोलत राहिले. गोळ्या डब्यांत लावून ठेवायचे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तू एकदा म्हणालीस, "वयनी, बसा ना जरा." मी बसले, आणि रिपोर्टचे कागद नीट लावू लागले.

दहाव्याला नदीवरून परत येताना लखूदादा माझ्या बाजूने चालत होते. ते म्हणाले, "बाई, आता सांगाया हरकत नाय. म्हैसासुर गेला आपला."

मला कळलं नाही.

"दोनी वर्षं सोंग सुमननं घेतलं. भावकीतली पोरं तयार होती, पन ती म्हनाली, घराकडं लेक जिती हाय आनि सोंग दुसरीकडं कशाला? मी पंचांना बोललो, सोंग घराचं असतं, घरात बाई हाय का गडी हाय, सोंगाला काय त्याचं. पंच बोलले, बघू. ह्ये बघू म्हंजेच हो. बांगड्या मनगटाच्या वर, बाहीत सरकवून फडकं बांधलं आमच्या सुनेनं, वाजू नये म्हून. दोन फुटल्या."

मी रस्त्यात उभी राहिले.

"मला का नाही सांगितलं?"

"ती नको बोलली. बोलली, वयनीला कळलं तर ती मार्क वाढवून देईल. मला खरे पायजेत." लखूदादा थोडं हसले. "दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली ती नाचतच. बोलली, लखूदादा, वयनीला कीव आली. आबाचं सोंग झालं. मी बोललो, मंग झालं की. तर बोलली, पन चारच दिले हो. ते चार तिला लागले बाई. म्हून पुढच्या साली आरडली. लोकांना आवडलं. तिला नाय आवडलं. मुखवटा उतरवला आनि बोलली, ह्ये त्या दुसऱ्या चित्रकारावानी झालं. मंग बोलली, पन वयनी असती तर दहा दिले असते."

सुमन, मी दिले असते. मला याचंच जास्त वाईट वाटतं. मी पुढच्या खुर्चीत असते, तू ओरडली असतीस, आणि मी तुला त्याचे दहा दिले असते. आणि आपण दोघींनी मिळून आबांचं सोंग मोडलं असतं.

ओवी, निहार, तुम्ही हे वाचाल तेव्हा तुम्हाला वाटेल की आजी एका नाचावरून इतकं का लिहिते आहे. पण मी आयुष्यभर खलनायक कसा असावा हे मुलांना शिकवलं. आणि ज्या पहाटे तो खरा समोर आला, माझ्या हातचं पाणी प्यायला, त्या पहाटे मला एवढंच दिसलं की तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा आहे. त्याच्या पाठीपलीकडे काय आहे, तिकडे मी बघितलंच नाही. तिकडे पाणी होतं. पाण्याखाली त्याचं घर होतं. माझंही सासर तेच.

आणि मला कीव आली होती, सुमन. ती मी दोष म्हणून सांगितली, पण आली होती. पहाटे खुर्चीत माझे डोळे भरले होते, आणि मी ते मशालींच्या धुरावर ढकललं. हे तुला चहाच्या वेळी सांगितलं असतं तर तू पुढच्या वर्षी ओरडली नसतीस.

तर तो शेरा मी परत घेते. दहापैकी किती ते आता लिहीत नाही, नाहीतर तू कुठूनतरी म्हणशील, वयनीनं वाढवून दिले.

यंदा उत्सव जवळ आल्यावर लखूदादा शहापूरला आले होते. ओटीवर बसून म्हणाले, "बाई, म्हैसासुराचं काय? घरात आता तुमीच." मी म्हटलं, माझे गुडघे बघितलेत का. ते म्हणाले, नाचायला कोण नसंल त्या साली मुखवटा हातात धरून फिरवतात, जुन्या गावात एकदा आबा तापाने पडले होते तेव्हा तसंच केलं होतं. घरच्या माणसाने छातीशी धरायचा, संबळाबरोबर चालायचं, देवीसमोर उभं राहायचं. बाकी सगळं तसंच.

मी हो म्हटलं आहे. मुखवटा माळ्यावरून खाली काढला. आतल्या बाजूला, कपाळाशी, तुझ्या कुंकवाचा डाग आहे. तो पुसला नाही. त्या दिवशी मी जेवणार नाही, कोणाशी बोलणार नाही. लखूदादांना मी फक्त एकच गोष्ट विचारून ठेवली, की देवीची तलवार लागल्यावर संबळ किती वेळ वाजवता.

ते म्हणाले, "तुमी मान वळवून परत आणाल तवर."

मी मान पाण्याकडे वळवणार आहे, सुमन. लोकांकडे पाठ करून.